दिवाडीच्या देवळाचा माग

गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला सिंह असतो आणि दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरे. त्या अक्षरांत राजा आपली ओळख करून देतो ती सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेला म्हणून. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी मांडवी आणि जुवारीच्या काठांवरून जहाजे हाकणाऱ्या, कोकणपट्टीवर सत्ता गाजवणाऱ्या या घराण्याला आपल्या पराक्रमाआधी आपल्या कुलदैवताचे नाव घ्यावेसे वाटले. नाणी आहेत, ताम्रपट आहेत, शिलालेख आहेत. ज्या देवाचे नाव त्या सगळ्यांवर कोरले, त्याचे देऊळ मात्र नाही.

देव आहे. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला सप्तकोटीश्वराचे देऊळ आहे, शिवाजी महाराजांनी ते बांधवले हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ते दुसरे घर. पहिले घर मांडवीच्या पलीकडे, दिवाडी बेटावर होते. ते नेमके कुठे होते, कसे होते आणि नाहीसे झाल्यावर त्याची जागा लोकांनी कशी लक्षात ठेवली, याचा माग काढणे हा या लेखाचा विषय.

जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरले की समोर दिवाडी दिसते. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते. मधोमध टेकडी, टेकडीवर पिएदादची इगर्ज म्हणजे चर्च, आणि चहूबाजूंनी खाजन जमीन. खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटी आवरून पिकवलेली ही भातशेती पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची आहे. हे आधी सांगतो, कारण दिवाडीवरचे देऊळ एकाकी उभे नव्हते. बांध राखणारे गावकार, त्यांची गावकरी संस्था, तिच्या जमिनी आणि त्या जमिनींतून चालणारी देवळाची पूजा-अर्चा असे ते सगळे एकाच विणीचे होते. देऊळ पाडता येते. पण शेताचे नाव, पाण्याची वाट आणि कुळाचा हक्क इतक्या सहज पाडता येत नाहीत, आणि हरवलेल्या वास्तूचा माग तिथूनच लागतो.

आधी पोथीतला पुरावा. सह्याद्रिखंडातल्या माहात्म्यकथेत सात ऋषींनी संगमाच्या तीरावर तप केले, शंकर प्रसन्न झाला आणि सप्तकोटीश्वर या नावाने तिथे राहिला, असे सांगितले आहे. बेटाचे नाव दीपवती. मूळचे गोमंतकीय असलेले डॉक्टर आणि इतिहाससंशोधक जे. गेर्सन द कुन्या यांनी १८७७ मध्ये सह्याद्रिखंडाची छापील आवृत्ती काढली, तेव्हापासून ही कथा अभ्यासकांच्या हाताशी आहे. माहात्म्यकथेवरून तारीख ठरवायला जाऊ नये, तिच्यात भर पडत गेलेली असते. पण ती भूगोल सहसा खोटा सांगत नाही, कारण यात्रेकरूला ती वाट दाखवत असते. बेट, संगम, तीर्थ: या तीन खुणा एवढ्या तरी तिच्यातून हाती लागतात.

यानंतर एक मोह होतो. इब्न बतूता १३४० च्या दशकात गोव्यात, म्हणजे त्याच्या सांदाबूरला, येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनात सांदाबूर सोडल्यावर लागणाऱ्या एका लहान बेटाचा उल्लेख आहे. तिथे देऊळ, बाग आणि पाण्याचा साठा होता आणि दोन मूर्तींच्या मध्ये भिंतीला टेकून बसलेला एक जोगी त्याला भेटला. बेट, देऊळ आणि तळे म्हटल्यावर हे दिवाडीच, असे चटकन वाटते. पण तो किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाला होता आणि ते बेट मुख्य भूमीलगत समुद्रात होते. बहुतेक अभ्यासक ते कारवारजवळचे अंजदीव मानतात आणि मलाही तेच पटते. आवडणारा पुरावा सोडून देणे जड जाते, पण सप्तकोटीश्वराच्या शोधात हा साक्षीदार उपयोगाचा नाही.

त्याच शतकात देऊळ पहिल्यांदा पडले. बहमनी फौजा चौदाव्या शतकाच्या मध्याला गोव्यात उतरल्या, कदंबांचे राज्य गेले आणि त्यांच्या कुलदैवताचे स्थानही उद्ध्वस्त झाले. हे आपल्याला कळते ते पुनःस्थापना करणाऱ्याच्या तोंडून. विजयनगरचा सेनानी माधव मंत्री याने गोवा परत जिंकला. त्याच्या शके १३१३ च्या, म्हणजे इसवी सन १३९१ च्या ताम्रपटात तुरुष्कांनी उखडलेल्या सप्तनाथ आणि इतर देवांची त्याने पुन्हा प्रतिष्ठा केली असे म्हटले आहे. हा सप्तनाथ म्हणजेच सप्तकोटीश्वर. म्हणजे दिवाडीवर जे देऊळ पोर्तुगीजांनी पाहिले ते कदंबांचे जसेच्या तसे नव्हते. कदंबांच्या पायावर विजयनगरच्या काळात उभे राहिलेले ते दुसरे बांधकाम होते. कधी काळी या जागेवर रीतसर उत्खनन झाले तर दोन थर निघायला हवेत, हे यावरून आधीच सांगता येते.

ते दिसत कसे असेल? गोव्यात त्या काळातले एकच देऊळ बऱ्यापैकी शाबूत उभे आहे: सह्याद्रीच्या पायथ्याशी, भगवान महावीर अभयारण्याच्या रानात दडलेले तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर. आडरानात होते म्हणून वाचले. त्याचा काळपट दगड गोव्याच्या किनारी भागातला नाही. किनाऱ्यावर सगळा जांभा, आणि जांभ्यावर बारीक नक्षी उठत नाही. म्हणून कदंबांच्या कारागिरांनी पाया आणि तटबंदी जांभ्याची घ्यायची, आणि खांब, द्वारशाखा, छत यांसाठी दुरून काळा दगड आणायचा, अशी रीत दिसते. दिवाडीच्या बेटावर हा दगड नदीमार्गे आणला गेला असणार. जागा ओळखण्याच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. जांभ्याचा चिरा कोणत्याही घराचा असू शकतो. भाताच्या बांधात किंवा घराच्या ओट्यात कोरीव काळा दगड दिसला, तर तो देवळातून आल्याची शक्यता पुष्कळ असते.

मात्र कुठल्या देवळातून, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. पिएदादच्या टेकडीवर इगर्जेजवळ दफनभूमीत एक लहानसे कपेल (चॅपेल) आहे. त्याच्या छताची नक्षी कदंबकाळातली आहे हे पाहणाऱ्याला लगेच जाणवते. अनेक लिखाणांत हे सप्तकोटीश्वराचे अवशेष म्हणून दाखवले जातात. पण टेकडीवरची ती जागा परंपरेने गणपतीची मानली जाते. त्या गणपतीला भक्तांनी पुढे नदीपार नेले आणि आज तो खांडोळ्याला महागणपती म्हणून पूजला जातो. दिवाडीवर देवळे अनेक होती. सगळ्या कोरीव दगडांची बेरीज करून एकाच प्रसिद्ध देवाच्या नावावर टाकणे सोपे, पण त्यात बाकीचे देव आणि त्यांची गावे हरवतात.

सप्तकोटीश्वराची जागा टेकडीवर नाही. ती बेटाच्या दुसऱ्या अंगाला, नार्व्यात आहे. तिथून डिचोलीकडे जाणारी फेरीबोट सुटते आणि पलीकडच्या काठावरच्या गावाचे नावही नार्वेच. देव नदी ओलांडून गेला तेव्हा गावाचे नावही त्याच्यासोबत गेले, असे दोन्ही काठांवर सांगतात. दिवाडीच्या या नार्व्यात गर्द झाडीत एक जुनी तळी आहे. लोक तिला कोटीतीर्थ म्हणतात. जांभ्यात बांधलेली, पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची, आणि चारही बाजूंच्या भिंतींत रांगेने कोनाडे ठेवलेली. कोनाड्यांजवळ वाकून पाहावे. प्रत्येकाची चौकट नीट घडवलेली आहे, खोली एका लहान मूर्तीला किंवा समईला पुरेल एवढी आहे. शेताला पाणी देणाऱ्या तळीला असले कोनाडे कोणी करत नाही. ही स्नानाची आणि पूजेची तळी आहे. ज्या देवाच्या नावात कोटी आहे त्याच्या अंगणातले तीर्थही कोटीतीर्थच. वास्तू गेली तरी तिचे पाणी जागेवर राहिले, आणि माझ्या मते सगळ्या पुराव्यांत या तळीचे वजन सर्वांत जास्त आहे. देव हलवता येतो, चिरे हलवता येतात, नाव हलवता येते. तळी हलवता येत नाही.

१५१० मध्ये अफोंसो द अल्बुकेर्क याने गोवा घेतला, पण देवळांवर घाला लगेच आला नाही. सुरुवातीला गावकारांचे हक्क कायम ठेवायचे धोरण होते. १५२६ च्या अफोंसो मेशियाच्या सनदेत गावकरी संस्थांच्या रूढी लिहून काढल्या गेल्या, त्या यासाठीच. नंतर वारे फिरले. १५४० च्या सुमारास दिवाडीसह तिसवाडीतली देवळे पाडण्याची मोहीम निघाली आणि जून १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्याला गावकारांची संमती लिहून घेतली गेली. सप्तकोटीश्वराचे देऊळ या लाटेत गेले. त्या ठिकाणी कपेल उभे राहिले.

लिंगाचे जे झाले ते वाचताना आजही आत काहीतरी तुटते. विहिरीवर पाणी शेंदताना दोर ज्यावरून फिरतो, त्या जागी ते बसवले गेले, असे परंपरा सांगते. सप्तकोटीश्वराचे लिंग गुळगुळीत गोल नाही. ते धारालिंग आहे, म्हणजे त्याला उभ्या धारा, पैलू आहेत. कदंब राजे ज्याच्यापुढे वाकले त्यावरून दोर फिरू लागला. पुढे डिचोलीकडच्या हिंदूंनी ते गुपचूप सोडवले आणि नदीपार नेले. डिचोली तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हती, आदिलशाहीत होती. एवढ्या एका सीमारेषेने देव वाचला. तिसवाडी, साष्टी, बार्देशातले मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा असे कितीतरी देव याच काळात असेच नदी ओलांडून गेले. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरलेल्या हजारो घरांचे कुलदैवत आज फोंड्याच्या परिसरात आहे ते या स्थलांतरामुळे.

मूळ जागा विसरली जावी हाच पाडणाऱ्यांचा हेतू होता. पण ती त्यांच्याच कागदांनी जपली, हे मला या साऱ्या कहाणीत फार महत्त्वाचे वाटते. जमिनीचे उत्पन्न वसूल करायचे तर जमीन कुठली, कोणाची, कशाच्या बदल्यात कसली जात होती हे लिहावे लागते. देवळाच्या सेवेकऱ्यांना सारामाफीने दिलेल्या जमिनींना गोव्यात नमशी म्हणतात. पुजारी, वाजंत्री, भाविणी, दिवाबत्ती करणारे यांच्या नावे त्या असत. देवळे गेल्यावर या नमशी जप्त झाल्या आणि म्हणूनच नोंदल्या गेल्या. फ्रांसिस्को पाईश याने १५९५ मध्ये तिसवाडी, साष्टी आणि बार्देशच्या अशा जमिनींचे दप्तर तयार केले. गोव्याचे थोर संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी ते टिपांसह १९५२ मध्ये छापून आणले. अशा दप्तरात जमिनीचा तुकडा चतुःसीमेने सांगितलेला असतो: पूर्वेला काय, पश्चिमेला कोणाचे शेत, कुठल्या बाजूला नदी. या सीमा गावात जाऊन एकेक करून जुळवत गेले की नसलेल्या देवळाभोवतीचे वर्तुळ हळूहळू लहान होत जाते. पोर्तुगीज राजवटीच्या सरकारी कागदांनी, इच्छा नसताना, पाडलेल्या देवळाची मोजणी करून ठेवली.

जेझुइट लेखकही साक्ष देतात. फ्रांसिस्कु द सौझा याने लिस्बनला १७१० मध्ये छापलेल्या आपल्या इतिहासात दिवाडीबद्दल लिहिताना ख्रिस्ती लोकांना पवित्र भूमी जशी वंद्य तशी हिंदूंना ही दिवाडी होती, अशा अर्थाचे म्हटले आहे. देऊळ जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली होती. तरीही विरोधी बाजूच्या माणसाला त्याची थोरवी लिहावी लागली. यात्रेचे स्नान काही थांबले नाही. आजही गोकुळाष्टमीला नार्व्याला, पंचगंगा म्हणतात त्या नदीतीरावर, स्नानासाठी गर्दी लोटते. सत्ता बदलली, धर्म बदलले, पण तिथी आणि पाणी तेच राहिले.

नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराज याच भागात होते. नदीपलीकडच्या नार्व्यात देव तेव्हा साध्या आसऱ्याला होता. महाराजांनी देवळाचे काम सुरू करायची आज्ञा दिली. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी ही तिथी आहे आणि शिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याची नोंद आहे. अक्षरे मोजकी, बडेजाव नाही, बिरुदे नाहीत. सव्वाशे वर्षे घर नसलेल्या देवाला घर मिळाल्याची ती नोंद आहे. गोवा सरकारने या देवळाचा जीर्णोद्धार करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले. मागच्या बाजूला जांभ्यात खोदलेल्या गुंफा आहेत, जवळच एका जैन बस्तीचे भग्नावशेष आहेत. म्हणजे हा काठही देव येण्याआधी ओसाड नव्हता. देवाला कुठे न्यायचे हे नेणाऱ्यांनी विचार करून ठरवले असावे. आधीच पवित्र मानलेली, आधीच वापरातली आणि जुन्या जागेच्या समोरची जमीन त्यांनी निवडली.

विसाव्या शतकात शोधाला शास्त्रीय वळण लागले. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातले स्पॅनिश जेझुइट पाद्री हेन्री हेरास यांनी १९२९ मध्ये चांदरला, कदंबांच्या जुन्या राजधानीत, उत्खनन केले आणि देवळाचा पाया व मोठा नंदी उघडा केला. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराईश यांचा कदंबांवरचा ग्रंथ १९३१ मध्ये आला. तो आजही या विषयाचा पाया आहे. एका पाद्र्याने आणि त्याच्या ख्रिस्ती शिष्याने हिंदू राजवंशाचा इतिहास इतक्या निष्ठेने उभा केला, हे गोव्याच्या इतिहासाबद्दल बोलताना हल्ली कोणी फारसे सांगत नाही. चांदरला जे झाले ते दिवाडीला मात्र झाले नाही. तिथे जागा आहे, तळी आहे, राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. पण पूर्ण, थरांनिशी नोंदवलेले आणि छापून लोकांसमोर ठेवलेले उत्खनन नाही.

आणि आता त्या जागेवर बांधकामाची चर्चा आहे. गोवा सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद केली, समिती नेमली आणि दिवाडीच्या कोटीतीर्थाचा परिसर विकसित करण्याची घोषणा केली. देवाचा पहिला पत्ता पुन्हा लोकांना कळावा ही भावना मला मनापासून समजते. माझीही तीच इच्छा आहे. पण कोटीतीर्थाच्या काठावर सिमेंटचा पाया खणण्याआधी मातीचे थर उकलायला हवेत. जांभ्याच्या कुठल्या ओळी कदंबांच्या, कुठल्या माधव मंत्र्याच्या वेळच्या, काळ्या दगडाचे तुकडे कुठे पडले आहेत, तळीत गाळाखाली काय आहे, हे एकदाच कळू शकते. नवे बांधकाम झाले की ती संधी कायमची संपते. बहमनी आणि पोर्तुगीज दोघांच्या हातून जे थोडे उरले ते श्रद्धेच्या नावाने आपणच बुजवले, तर तो तिसरा आघात ठरेल. आधी शास्त्रशुद्ध उत्खनन, त्याचा प्रसिद्ध अहवाल, आणि मग जे काही करायचे ते, हा क्रम कोणत्याही कारणाने उलटता कामा नये.

यात दिवाडीच्या आजच्या रहिवाशांना विश्वासात घ्यायला हवे. तिथली बहुतेक वस्ती ख्रिस्ती आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनीच हे देऊळ चालवले, बांध राखले आणि नंतर त्यांच्यावरच धर्मांतराची लाट आली. दिवाडीत ऑगस्टमध्ये बोंदेरा हा झेंड्यांचा सण होतो. वाड्यांमधल्या शेतांच्या हद्दींवरून पूर्वी भांडणे होत आणि सरकारने हद्दींवर झेंडे रोवले, त्याची ती आठवण. हद्दीची एवढी पक्की स्मृती ज्या गावात आहे, तिथे देवळाच्या जागेची माहिती गावकऱ्यांकडून घ्यावी, ती त्यांच्यावर बाहेरून लादू नये.

शेवटी वाचकांना विनंती. गोव्याच्या जुन्या गावकरी संस्थांचे कागद फक्त पोर्तुगीजमध्ये नाहीत. ते मोडीत आहेत, आणि त्याहून जुने गोयकानडी लिपीत आहेत. ही लिपी वाचणारी माणसे आता अगदी थोडी उरली आहेत. ज्यांचे कुलदैवत गोव्याचे आहे अशा कोकणातल्या, बेळगाव-कारवारकडच्या, मुंबई-पुण्यातल्या घरांत नमशीच्या सनदा, वर्गणीच्या वह्या, देव हलवल्याच्या नोंदी, कुलवृत्तांतांची हस्तलिखिते अजून ट्रंकेत पडलेली असतील. ती रद्दीत जाऊ देऊ नका. पणजीच्या गोवा पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ मध्ये झाली. तिथे किंवा तुमच्या जवळच्या इतिहास संशोधन संस्थेत त्यांची प्रत नेऊन द्या. दिवाडीच्या देवळाची एखादी चतुःसीमा, एखाद्या सेवेकऱ्याचे नाव, एखाद्या शेताचा पत्ता त्यात असू शकतो, आणि तेवढा एक कागदही उत्खननाच्या खड्ड्याची जागा ठरवायला पुरेसा होईल.